आतली कडी

४ जानेवारी

खोडरबर,

'प्रिय' लिहिणार होते. पण अकरा वर्षांनी एकदम प्रिय वाचलंस तर तुला वाटेल, ताईला काहीतरी हवंय. हवंच आहे. ते खाली येईल, आधी मला भांडू दे.

काल घरी सुतार आला होता. पुढच्या खोलीची आतली कडी काढली, मग बाथरूमची काढली. दोन्ही मीच त्याच्याकडून बसवून घेतलेल्या, त्यामुळे बिचाऱ्याचा चेहरा अगदी पडला होता. म्हणाला, "मावशी, हात धजत नाही हो, पण वरून कागद आलाय." मी म्हटलं, "मग त्या कागदालाच सांग पेच काढायला." तो हसला आणि पेच काढत राहिला. भोकांत लांबी भरली, पॉलिश पेपरने घासली, वर रंगाचा हात मारला. इतकं सफाईदार काम, की तिथे कधी कडी होती हे मलाच पटेना. रात्री सवयीने हात तिथे गेला आणि नुसत्या लाकडावरून फिरून परत आला.

डिसेंबरात मला सत्तर पूर्ण झाली, हे तुझ्या लक्षात नसेल, पण तुझ्या खात्याच्या बरोबर लक्षात होतं. तुमचा तो सोबत नियम! सत्तरी ओलांडलेलं, एकटं राहणारं माणूस, त्याच्या घरात आतून बंद होणारं एकही दार नको. बाहेर भिंतीवर पेटी, पेटीत घराची किल्ली, आणि ती किल्ली घेऊन दिवसातून दोनदा, मनाला येईल तेव्हा, सोबतीण आत येणार आणि आपण जिवंत असल्याचा फोटो काढणार. नाही ऐकलं तर एक समज, दुसरी समज, आणि मग थेट सोबतघर. नावं मात्र छान छान शोधता रे.

कागद वाचताना दुसऱ्याच ओळीला कळलं मला, हे कुणी लिहिलंय. 'माणूस आणि मदत यांच्यामध्ये काहीही असता कामा नये.' आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू मला हेच ऐकवलं होतंस, शब्दाला शब्द. आणि पुढे म्हणाला होतास, "ती बाथरूमची कडी तू बसवलीस, ताई." हो, मी बसवली. तू काढलीस, आईने मला परत बसवायला सांगितली, मी बसवली. आजही बसवीन. तेव्हा हेच म्हटलं होतं, आणि तू उठून गेलास तो गेलासच.

आता माझं काम. तुला ठाऊक नसेल, मी हल्ली साधी शिलाई करत नाही. छातीचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी आतले कपडे शिवते. एका बाजूला काढून टाकलेलं असतं ना, तिथे कापडी गादी बसवायची, तिच्यात अळशी भरायची. अळशी मऊ असते, अंगाबरोबर हलते, वजनही देते. दोन्ही बाजूंचं वजन सारखं झालं नाही तर खांदा झुकतो आणि वर्षभरात पाठ धरते. या बायका नवऱ्यासमोरही दिवा मालवतात, आणि माझ्याकडे येऊन भर उजेडात उभ्या राहतात. का, तर मी आधी कडी लावते. कडीचा आवाज झाला की त्यांचे हात बटणाकडे जातात. त्याआधी नाही.

म्हणून मागणं एवढंच. अकरा ते चार, कामाच्या वेळेत, पुढच्या खोलीला कडी असू दे. बाथरूमचं मी बघून घेईन.

ताई


२२ जानेवारी

साहेब,

पत्र मिळालं. छापील होतं. 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' खाली तुझी सही. सही अजून तशीच आहे, शेवटच्या अक्षराला शेपूट. मला वाटलं होतं निदान पाठीमागे पेन्सिलीने एक ओळ असेल. उलटून पाहिलं, काही नव्हतं.

तुझा विचार चालू असताना इकडे काय झालं ते ऐक. माझी एक गिऱ्हाईक आहे, शाळेत गाणं शिकवते. ऑपरेशन होऊन सहा महिने झाले, पण वर्गात उभी राहायची नाही, पेटीमागे बसूनच शिकवायची. तिसऱ्या वेळी कुठे तिने मला माप घेऊ दिलं. मी टेप धरलेली, ती कमरेपर्यंत उघडी, आणि दारात किल्ली फिरली. सोबतीण सरळ आत. हातात फोन वर धरलेला.

पोरगी वाईट नाही. जीभ चावली, पाठ फिरवली, दहादा माफी मागितली. पण गाण्याच्या बाईंनी काय ऐकावं! कुर्ता उलटाच अंगात घातला आणि गेल्या. टेप खांद्यावर तशीच लोंबत होती, ती गल्लीच्या कोपऱ्यावर पडलेली मला सापडली. त्या परत आल्या नाहीत. शाळेतही जात नाहीत म्हणे.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं तशी मी दाराला खुर्ची लावली आणि खुर्चीवर शिवणयंत्राचं झाकण ठेवलं. सोबतीण बाहेरून ढकलते आहे, मी आतून ओरडते आहे, "अगं जिवंत आहे मी! एवढं ओरडणारं मेलेलं माणूस पाहिलंयस का कधी?" ती रडकुंडीला आली. म्हणाली, "आजी, फोटो नाही गेला तर माझी नोकरी जाईल हो." मग उघडलं. काय करणार? तिने फोटो काढला, त्यात खुर्चीही आली, आणि संध्याकाळी पहिली समज घरात.

पोरीला मी चहा पाजला. तिचीही आजी सोबत नियमात आहे. तिच्याकडे दुसरीच कुणी सोबतीण जाते.

तू लहानपणापासून भित्रा आहेस, पण दुष्ट कधीच नव्हतास. म्हणून अजून लिहिते आहे.

ताई


१६ फेब्रुवारी

खोडरबर, ए खोडरबर!

हरलास. साफ हरलास.

तुझा विचार काही संपेना, तेव्हा मी तुझाच नियम घेऊन बसले. दार, खिडकी, कडी, कुलूप, अडसर, फर्निचर, सगळं लिहिलंयस. एक गोष्ट विसरलास. तुझी बहीण कोण आहे? शिंपीण!

जाड कॅनव्हास आणला. छताला चौकोनी सांगाडा टांगला, तोही त्याच सुताराकडून. त्याने पैसे घेतले नाहीत, पापक्षालन म्हणाला. चारी बाजूंनी छतापासून जमिनीपर्यंत कापड सोडलं, आणि जिथे उघडतं तिथे आतून वरपासून खालपर्यंत हूक. जाड कोटांना असतात ते मोठे, दुहेरी दोऱ्याने घट्ट बसवलेले. आतलीने लावायचे, आतलीनेच काढायचे. बाहेरच्याला शिवणही सापडत नाही. आत दोन माणसं आणि एक दिवा आरामात मावतात.

सोबतीण आली. बाहेर उभं राहून तिने फोनवर अख्खा नियम वाचला, मोठ्याने. मग म्हणाली, "कापड नाही हो यात, आजी." आणि खुदकन हसली. फोटोसाठी मी दोन हुकांमधून मुंडकं बाहेर काढलं. तुमच्या दप्तरात आता माझा तसा फोटो आहे, बघ काढून. कासवासारखी दिसते आहे.

गिऱ्हाइकं परत येऊ लागली. कडीचा खट् आवाज नाही, पण हूक लावत खाली येताना बारीक टिक् टिक् होते, आणि सगळे लागले की त्या तसाच श्वास सोडतात. गाण्याच्या बाई तेवढ्या आल्या नाहीत. आणखी एक बाई मात्र नेमाने येते. तिच्याबद्दल काही लिहिणार नाही.

फुली-गोळ्यात मी जिंकले की तू काय करायचास, आठवतं? रबर घेऊन सगळा डाव खोडून टाकायचास, कागद फाटेपर्यंत. आणि आई म्हणायची, "अगं, जिंकलीस तर गप बसावं, त्याला चिडवत कशाला बसतेस?" पण मला कुठे राहवतं!

तुझी जिंकलेली ताई


९ मार्च

आईचं ऐकायला हवं होतं.

दुरुस्ती मिळाली. 'पडदा, कापड, ताडपत्री किंवा तत्सम कोणतेही आच्छादन, जे आतून बंद करता येते.' खाली शेपटीवाली सही. तुला कुणी सांगितलं, विचारतसुद्धा नाही. मीच सांगितलं. दुनियेत एकाच माणसाला कळायला नको होतं, आणि मी त्यालाच हौसेने पत्र लिहून कळवलं. माझ्यासारखी शहाणी मीच.

कागद सकाळी आला आणि दुपारी मोठा साहेब आला, सोबतिणींचा वरचा. त्या वेळी आत एक बाई होती. मी बाहेर यंत्रावर एका गादीची शिवण आवळत होते, आतून हूक तिने लावून घेतले होते. साहेब म्हणाला, "उघडा." मी म्हटलं, "आत बाई आहे, कपडे काढलेत तिने, दोन मिनिटं थांबा." तो म्हणाला, "थांबण्याची तरतूद नाही."

हे वाक्य तुझंच आहे ना? मला अगदी तुझा आवाज ऐकू आला.

त्याने कापडाला हात घातला. मी मध्ये उभी राहिले आणि जिथे कापड जुळतं तिथे दोन्ही मुठींनी धरून ठेवलं. सत्तर वर्षांची मी, तो चांगला धिप्पाड, पण त्याला मला ढकलता येईना. मला इजा झाली तर त्याच्यावर येणार ना! तेवढाच तुझ्या नियमाचा मला फायदा झाला. आतून ती म्हणाली, "थांबा, थांबा हो," आणि ती भराभर कपडे चढवते आहे ते मला कापडातून कळत होतं. सगळं नीट नेसून, पदरात तोंड लपवून ती मागच्या दाराने गेली. मग मी मुठी सोडल्या.

साहेब तसा समजूतदार निघाला. म्हणाला, "आजी, त्या बाईंचं नाव आणि येण्याचं कारण लिहून द्या. धंद्याचं काम म्हणून अहवाल पाठवतो, समज टळेल." मी म्हटलं, नाव देणार नाही. त्याने तीनदा विचारलं. "अहो, तुमचं घर जाईल एका नावापायी!" तो अहवाल कुणाच्या टेबलावर जातो, मला माहीत आहे. ते नाव त्या टेबलावर जायला नको होतं. त्याने हात टेकले आणि दुसरी समज लिहिली.

रात्रभर आई डोळ्यांपुढून हलली नाही. तू पायऱ्यांवर सांगितलं होतंस, ती बाथरूममध्ये पडल्याचा आवाज झाला, तू दार ठोठावलंस, आणि ती आतून म्हणाली, "थांब." तू थांबलास. पुन्हा ठोठावलंस, पुन्हा म्हणाली, "थांब, आलेच." तिसऱ्यांदा ती बोलली नाही, तेव्हा तू दार फोडलंस. मी रिळं घेऊन परत आले तेव्हा तू तिला बाहेर आणून निजवली होतीस. तुला काय दिसलं, ते तू नियमात लिहिलंस. मला काय दिसलं ते मी कधी बोलले नाही. तिच्या गाऊनची बटणं लावलेली होती. वरपासून खालपर्यंत, पण एकेक काज चुकून. म्हणून गळ्याशी एक बटण उरलं होतं आणि खाली एक काज. खुबा मोडलेला, जमिनीवर पडलेली, आणि ती बटणं लावत होती.

परवा मला न्यायला येणार आहेत.

ताई


२८ मार्च

सोबतघरातून.

खोली स्वच्छ आहे. खिडकीला जाळी आहे. जेवण वेळेवर मिळतं, डॉक्टर येतो, भिंतीला सगळीकडे धरायला दांडे आहेत. तक्रारीला जागा नाही, असं इथे सगळे म्हणतात. खरंच नाही. एखादं माणूस आजारी असेल, घाबरणारं असेल, तर त्याला इथे बरं वाटेल. काहींना वाटतंही. माझ्या शेजारच्या पलंगावरची तर म्हणते, घरी कुणी विचारत नव्हतं, इथे फोटो तरी काढतात.

शिवणयंत्र कोठीत ठेवलंय. कात्री नाही, सुई नाही. टेप तेवढी ठेवू दिली, मग ती रात्री कुणीतरी नेली. गळ्याभोवती आवळून घेईन अशी भीती. इतकी वर्षं ती माझ्या गळ्यातच होती.

बाहेर जायचं तर नोंदलेल्या नातलगाची सही लागते. माझ्या नावापुढे एकच नातलग आहे.

एक गोष्ट मात्र सांगते. बाथरूमच्या दाराला कडी नाही, हे वेगळं सांगायला नको. कर्मचारी कधीही आत येतात, चांगल्या मनानेच येतात. म्हणून इथल्या बायकांनी रीत पाडली आहे. एक आंघोळीला गेली की दुसरी बाहेर स्टूल टाकून दाराला पाठ लावून बसते. कुणी आलं की म्हणायचं, "गुडघा धरलाय, उठवत नाही, जरा थांबा." सगळ्यांचेच गुडघे त्या स्टुलावर धरतात. आज माझी पाळी होती. आत एक रिटायर पोस्टमास्तरीण होती, नव्वदीला आलेली. निवांत आंघोळ करत गुणगुणत होती. मला इतकं रडू आलं की विचारू नकोस.

मला घरी जायचंय रे. एवढं सरळ मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

ताई


१७ एप्रिल

प्रिय,

तुझं पत्र हातात आहे. छापील नाही, तुझ्या अक्षरात, खाडाखोड केलेलं. तुला खाडाखोड करताना मी पहिल्यांदा पाहते आहे. तू नेहमी रबराने खोडून सारखं करायचास.

तर तिने तुला सांगितलं. बरं केलं. कॅनव्हासच्या आत त्या दिवशी तुझी बायको होती. परवा ती इथे येऊन गेली आणि म्हणाली, "वन्सं, आता सगळं लिहा त्यांना. माझी हरकत नाही." म्हणून लिहिते. नाहीतर मेले तरी लिहिलं नसतं.

तू विचारतोस, ताईचं घर हिच्यामुळे गेलं का? तिच्यामुळे नाही, आणि तिला तसं वाटू देऊ नकोस. तू विचारतोस, ऑपरेशनच्या वेळी मी तिचं सगळं केलं, ड्रेसिंगसुद्धा केलं, मग माझ्यापासून लपवायचं काय होतं? ती म्हणाली, खूप केलं तू. तिच्या डोळ्यांत पाणी होतं सांगताना. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द तिने काढला नाही.

पण हे ऐक. मागच्या वर्षी माहेरी आली असताना ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. तिचं माहेर दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे कुणाला संशय नव्हता. पहिल्या खेपेला माप घेतलं. दुसऱ्या खेपेला कपडा तयार झाला, बेतशीर बसला, काम संपलं. पुढच्या खेपेला पुन्हा आली. मी म्हटलं, "काय गं, कुठे टोचतंय का?" म्हणाली, "नाही वन्सं, तुम्ही फक्त कडी लावाल का?" मी लावली. ती खुर्चीवर बसली. पदर बाजूला केला, डोळे मिटले, आणि नुसती बसून राहिली. मी माझं यंत्र चालवत होते. अर्ध्या तासाने उठली, नीटनेटकी झाली आणि गेली. त्यानंतर ती तेवढ्यासाठीच यायची. कडी गेल्यावर हुकांच्या आत येऊन बसायची.

मग एकदा तिनेच सांगितलं. आई गेल्यावर तू तुझ्या घरातल्या सगळ्या कड्या काढल्यास. बाथरूमची, बेडरूमची, सगळ्या. अकरा वर्षं ती दाराला बादली लावून आंघोळ करते. बादली सरकल्याचा आवाज झाला की तू धावत येतोस, "काय झालं, काय झालं?" ऑपरेशन झाल्यावर तर तू दर दोन मिनिटांनी हाक मारतोस, आणि उत्तर यायला उशीर झाला की दार उघडतोस. तिला तुला 'थांब' म्हणायची चोरी झाली आहे. तो शब्द ऐकला की तुझा चेहरा कसा होतो, ते तिला बघवत नाही.

वाचून थांबला असशील, तर पुढचंही वाच. हे मी तुला तेव्हाच पायऱ्यांवर सांगायला हवं होतं, पण मी चिडले होते.

तू थांबलास, ते चुकलं नाही. आईने थांब म्हटलं आणि तू थांबलास. तिला ती बटणं लावायची होती, आणि तुझ्या थांबण्यामुळे तिला लावता आली. आधी दार फोडलं असतंस तर ती वाचली असती का, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही, मला काय सांगता येणार? पण अर्ध्या वस्त्रानिशी मुलाच्या हातावर जायची वेळ तिच्यावर आली नाही. तिने तुझ्याकडे शेवटचं मागितलं ते तू दिलंस. आणि मग अकरा वर्षं त्याचीच शिक्षा भोगलीस, बायकोला भोगायला लावलीस, आणि आता आम्हा सगळ्यांना.

तू लिहितोस, माझ्यापुरती सूट काढतोस, किंवा तुझ्या घरी राहायला आले तर नियमच लागू होणार नाही, सही करायला येतो. ये. सूट नको. इथे स्टुलावर बसणाऱ्या इतक्या जणी आहेत, त्यांना सोडून मी एकटी कडी लावून कशी झोपू? नियमाचं तू काय करायचं ते तुझं तू बघ. तुला खोडता येतं, लहानपणापासून येतं.

तुझ्या घरी मात्र मी येईन. आधी एक काम कर. आज बाजारात जा, एक चांगली पितळी कडी आण आणि तुझ्या बाथरूमला आतून बसव. सुताराला बोलावू नकोस, स्वतः बसव, पेच नीट आवळ. बायकोला आत जाऊ दे. कडीचा आवाज झाला की बाहेर उभा राहा. भीती वाटेल, वाटू दे. ठोठाव हवं तर, एकदा. ती थांब म्हणाली की थांब.

ताई